तीन वर्षांची खुर्ची

नागरी सहकारी बँकेत व्याजदर संचालक मंडळ ठरवतं, नियम रिझर्व्ह बँक घालून देते, पण शाखा कशी चालणार हे त्या शाखेत कोण बसलाय यावर ठरतं. सांगली जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या बँकेच्या शाखा नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात माझ्या देखरेखीखाली होत्या. ठेवी, थकबाकी, तपासणीचे शेरे, सगळं माझ्या टेबलावर यायचं. त्यातलं सर्वांत जड काम होतं मे महिन्यातल्या बदल्यांची यादी. शाखाधिकारी एका जागी तीन वर्षं, फार तर चार, हा आमचा दंडक. ती यादी करताना माझी जेवढी झोप उडायची, तेवढी मार्चअखेरच्या ताळेबंदानंही कधी उडवली नाही.

दंडकामागचं कारण उघड आहे. ज्या खुर्चीतून कर्जाची शिफारस जाते तिथं माणूस फार दिवस बसला की ओळखी घट्ट होतात, आणि घट्ट ओळखीच्या माणसाला नाही म्हणणं जीवावर येतं. दुसरीकडं, आमच्यासारख्या लहान बँकेकडं मोठ्या बँकांपेक्षा जास्त असं एकच काय ते होतं, आणि ते म्हणजे हीच ओळख. आमचा कर्जाचा व्याजदर त्यांच्यापेक्षा थोडा जास्त, ॲप साधं, इमारती जुन्या. तरी माणसं आमच्याकडं येत, कारण दारात पाऊल टाकलं की नावानं हाक मारली जायची.

या ओळखीतून प्रत्यक्षात काय होतं, ते विट्याला दिसतं. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यासाठी बाहेर पडली. सराफांकडची जुनी मोड वितळवायची, तिच्यातलं शुद्ध सोनं-चांदी वेगळं काढून द्यायचं, असं हे कौशल्याचं काम. केरळपासून उत्तर प्रदेशापर्यंत सराफ बाजारांच्या गल्ल्यांत ही मंडळी आहेत. आईवडील, जमीन, नवं बांधलेलं घर मात्र गावाकडं, आणि खातं विट्यात. असा माणूस घरबांधणीचं कर्ज मागायला आला की मुख्य कार्यालयातल्या माणसाचा नाइलाज होतो. पगारपत्रक नाही. दुकान हजार-दीड हजार किलोमीटरवर, तिथं जाऊन पाहणी कोण करणार? कागदावर दिसते ती फक्त गावाकडची कोरडवाहू जमीन, आणि तिच्या उत्पन्नातून तो हप्ता कधीच निघणार नाही.

तिथला आमचा एक शाखाधिकारी हे प्रकरण ज्या पद्धतीनं हाताळायचा ती कुठल्याही परिपत्रकात सापडणार नाही. भावाभावांत दुकानाची वाटणी झाली आहे का, झाली असेल तर भट्टी कुणाकडं राहिली, चुलता त्याच शहरात आहे का, हे तो आधी विचारायचा. उत्तर अर्जदाराकडून नव्हे, गावातल्या दुसऱ्या गलाईवाल्याकडून घ्यायचा. तो माणूस गावच्या यात्रेला येतो का, वर्गणी स्वतःच्या हातानं देतो का, हेही पाहायचा. वसुलीचंही तसंच. तो ऑगस्टमध्ये नोटिसा धाडत बसायचा नाही, कारण कर्जदार गावात नसतो आणि रजिस्टर टपाल तसंच परत येतं. दिवाळी आणि यात्रा या दोन वेळा त्यानं वहीत लिहून ठेवल्या होत्या. त्या आठवड्यांत तो संध्याकाळी गावोगाव फिरायचा, चहा घ्यायचा आणि वर्षाचा हिशोब मिटवून यायचा. त्याच्या जागी गेलेल्या हुशार, प्रामाणिक मुलाला पहिल्याच पावसाळ्यात त्याच खात्यांची धास्ती बसली. त्यानं सगळ्यांना नोटिसा काढल्या. कर्जदार दुखावले. माणसं तीच आणि कर्जंही तीच, पण पैसा कधी येतो हे शाखेतल्या कुणालाच सांगता येत नव्हतं.

आता दुसरी बाजू. इचलकरंजीच्या शाखेत आमचा एक अधिकारी काही कारणानं दंडकापेक्षा बराच जास्त काळ राहिला होता. शाखा नफ्यात, थकबाकी जवळजवळ शून्य. तिथले पुष्कळ छोटे यंत्रमागधारक खर्चीवाले असतात. सूत व्यापाऱ्याचं, विणणं यांचं, आणि मिळते ती मजुरी. शाखा तपासताना मी एक यादी नेहमीपेक्षा उलटी काढून मागितली. कर्जदारांच्या नावानं नव्हे, जामीनदारांच्या नावानं. तिच्यात एकाच भागातली आठ-दहा नावं पुन्हा पुन्हा येत होती. हा त्याला जामीन, तो याला, आणि दोघं मिळून तिसऱ्याला.

त्या अधिकाऱ्यानं एका पैशालाही हात लावला नव्हता, हे मी खात्रीनं सांगतो. त्याचा विचार असा होता की ही माणसं एकमेकांचं तोंड रोज पाहतात, कुणीही दुसऱ्याला खड्ड्यात घालणार नाही. सहकाराची मुळंही याच विश्वासात आहेत. १८८९ मध्ये बडोद्याला विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य सहकारी मंडळी काढली ती सहकाराचा कायदा येण्याच्या पंधरा वर्षं आधी, म्हणजे निव्वळ माणसांच्या परस्पर भरवशावर. पण परस्पर जामिनात बळ येतं ते जामीनदारांची कमाई वेगवेगळ्या वाटांनी येत असेल तरच. इथं दहाही जणांची मजुरी त्याच कापडाच्या भावावर. बाजार पडला तेव्हा दहाही खाती एकाच तिमाहीत अडकली. ज्यानं जामीन म्हणून पुढं यायचं तोच शेजारी स्वतः थकीत.

अशा वेळी शाखेत एक मोह तयारच असतो, कर्ज नवं-जुनं करण्याचा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जुनं कर्ज भरल्याचं दाखवायचं आणि त्याच माणसाला तेवढंच, किंवा व्याज मिळवून थोडं जास्त, नवं द्यायचं. नव्वद दिवसांची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू. खातं कागदावर निरोगी राहतं आणि आतून सडत जातं. त्या अधिकाऱ्यानं दोन खात्यांत ते सुरू केलं होतं, दयेपोटी. मी त्याची बदली केली आणि नवा माणूस पाठवला. नव्या अधिकाऱ्यानं सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखले मिळवले आणि बरीच रक्कम परत आणली. बँकेच्या दृष्टीनं ते काम चोख होतं. पण त्या दहांपैकी दोघं-तिघं असे होते की हप्ते लांबवून दिले असते तर सावरले असते. ते कोण, हे जुन्या अधिकाऱ्याला ठाऊक होतं आणि नव्याला कळायला वाव नव्हता. त्यांचे माग भंगाराच्या भावानं गेले. त्या गल्लीतून चालताना बंद पडलेल्या शेडची शांतता मला अजून बोचते, कारण मागाच्या खडखडाटाशिवाय इचलकरंजी म्हणजे काय, हे तिथं राहिलेल्यालाच कळतं.

त्या प्रकरणानंतर मी शाखेत गेलो की कर्जाच्या फायलींआधी पिग्मीचा तक्ता मागू लागलो. पिग्मी ठेव १९२८ मध्ये उडुपीला सुरू झाली, रोजच्या दोन-दोन आण्यांवर. आमच्याकडंही भाजीवाला, पानपट्टी, सलून, गॅरेज, शिंपी अशांकडून आमचा प्रतिनिधी रोज फिरून पन्नास-शंभर रुपये गोळा करतो. ठेव म्हणून ही रक्कम डोळ्यांत भरत नाही, आणि कमिशन धरलं तर महागही पडते. पण शाखेला गावाची नाडी कळते ती याच माणसाच्या हातून. हप्ता थकायच्या दोन-तीन महिने आधी पिग्मी थांबते. ‘आज नको, उद्या या’ हे शब्द सर्वांत आधी प्रतिनिधीच्या कानावर पडतात. एखाद्या ओळीतल्या सहा दुकानांचा भरणा एकदम निम्म्यावर आला तर तिथं रस्त्याचं काम निघालंय, नाहीतर पलीकडं मोठं दुकान उघडलंय, हे शाखाधिकाऱ्यानं जाऊन पाहायलाच हवं.

जोखीमही इथंच. रोख हातात घेऊन फिरणारा हा एकटा माणूस. म्हणून न सांगता दुपारी बाजारात जायचं, ग्राहकाच्या हातातली पावती पाहायची आणि शाखेतल्या शिल्लकेशी ताडून बघायची, हे काम मी कुणावर सोपवलं नाही. हाती यंत्र आलं, ग्राहकाला मोबाईलवर संदेश जाऊ लागला, तरी मी जात राहिलो. एका फुलवालीनं मला विचारलं होतं, ‘साहेब, तुमचा आमच्या पोरावर इस्वास न्हाई व्हय?’ प्रतिनिधीला ती पोर म्हणत होती. मी म्हटलं, ‘मावशी, विश्वास आहे म्हणूनच बघतोय. उद्या कुणी त्याच्याकडं बोट दाखवलं तर मला उभं राहता आलं पाहिजे.’ तिनं डब्यातून पावत्यांची चळत काढून दिली. आता यूपीआयमुळं तिच्या गल्ल्यात रोख कमी येते आणि पिग्मीही आटत चालली आहे. तिचा पैसा बँकेतच येतो, पण आमच्या बँकेत येईलच असं नाही, आणि तो कमी झाला तर आम्हाला कुणी सांगत नाही.

नोटबंदीच्या दिवसांवर खूप लिहून झालंय, मी थोडक्यात सांगतो. १४ नोव्हेंबर २०१६ पासून जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली आणि खेड्यातली गर्दी आमच्या दारांवर वळली. आमची स्वतःची करन्सी चेस्ट नव्हती, रोकड दुसऱ्या बँकेकडून मिळेल तेवढी. आठवड्याला चोवीस हजार काढता येतील असं आदेशात होतं, तिजोरीत तेवढं कधीच नसे. ज्या शाखांत अधिकारी मुरलेला होता तिथं रांगेतल्या माणसांनीच ठरवलं की दवाखान्यावाल्याला पुढं सोडा. जिथं नवा होता तिथं पोलीस बोलवावे लागले.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. कृष्णेला आणि वारणेला एकदम पाणी, वर कोयनेचा विसर्ग. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पंचेचाळीस फुटांना धोक्याची पातळी आहे, पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. आमची बाजारपेठेतली शाखा तळमजल्यावर. शाखाधिकारी तिथं नवा होता, वर्षभराचा. पण शाखेतले शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणत, तिथंच वाढलेले, २००५ चा पूर त्या इमारतीत पाहिलेले. पाणी अजून दूर होतं तेव्हाच ते म्हणाले, ‘ह्या खेपेला त्या रेघेच्या वर जाणार. सोनं हलवा.’ भिंतीवर २००५ च्या पाण्याची खूण त्यांनी स्वतः ओढून ठेवली होती. शाखाधिकाऱ्यानं मला फोन केला. मी एवढंच विचारलं की मामा काय म्हणतात. रोखपाल आणि अधिकारी दोघांच्या किल्ल्यांनी तिजोरी उघडली. सोनेतारणाची पाकिटं यादीप्रमाणं मोजली, सह्या झाल्या, आणि रोकड-सोनं रातोरात उंचावरच्या शाखेत गेलं. गहाणखतांच्या फायली वरच्या मजल्यावर चढवल्या.

लॉकर हलवता येत नाहीत. पाणी ओसरल्यावर आत गेलो तेव्हा गाळ गुडघ्याएवढा होता आणि लॉकरांच्या दारांच्या फटींतून चिखलाचे ओघळ उतरले होते. कंपनीचा कारागीर आणून कुलपं मोकळी केली, एकेका ग्राहकाला फोन करून बोलावलं. लॉकरमध्ये काय आहे हे बँकेनं पाहायचं नसतं, हा नियम अशा दिवशी कसा पाळायचा? मामांनी दोऱ्या बांधून चादरींचे आडोसे केले. प्रत्येक आडोशामागं स्वच्छ पाण्याचं घमेलं आणि कोरडी फडकी. बायका फरशीवर बसून दागिने धूत होत्या. सोन्याला काही झालं नव्हतं. कागदांचा मात्र लगदा झाला होता. खरेदीखतं, जुनी शेअर सर्टिफिकेटं, कुणाच्या गेलेल्या वडिलांची हस्ताक्षरातली पत्रं. एका काकूंनी ओली पत्रं छातीशी धरली आणि त्या हलेचनात. शाखाधिकाऱ्यानं पंखे मागवले, वरच्या मजल्यावर वर्तमानपत्रं अंथरली आणि त्यांना कागद सुकवायला ती खोली दिली. ती पुढं चार-पाच दिवस तशीच राहिली, जो तो आपले कागद आणून पसरत होता.

भरपाईचं विचारणारेही होते, आणि ते रास्तच होतं. नैसर्गिक आपत्तीत लॉकरमधल्या वस्तूंची जबाबदारी करारानं बँकेवर येत नव्हती. पुढं १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांत आग, चोरी, दरोडा, कर्मचाऱ्यांची लबाडी अशा वेळी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतची जबाबदारी बँकेवर आली. पुरासारखी आपत्ती त्यातही नाही. हे लोकांना समोर उभं राहून सांगावं लागलं. आमच्या माणसांनी ते सांगितलं, आणि त्याच टेबलावर बसून नोंदणी कार्यालयाकडं दस्ताच्या नकलेचे अर्ज त्यांना लिहून दिले.

गाळ निघून भिंती वाळल्या नव्हत्या तोवर, २३ सप्टेंबरला, मुंबईच्या पीएमसी बँकेवर निर्बंध आले. ठेवीदाराला सहा महिन्यांत एक हजार रुपये, हा पहिला आकडा. आमचा त्या बँकेशी काही संबंध नव्हता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या शाखांत माणसं पासबुकं घेऊन उभी होती. मी सगळ्या शाखाधिकाऱ्यांना एकच सूचना दिली. जो मागेल त्याला द्या, समजूत घालत बसू नका, मुदतठेव मोडायची असेल तर फॉर्म पुढं करा आणि तासाभरात पैसे हातात ठेवा. पैसे मिळतात हे दिसलं की भीती उतरते. भाषणानं ती वाढते.

पुरात बुडालेल्या शाखेतून त्या आठवड्यात फारसं काही गेलं नाही. आडोशामागं दागिने धुतलेली माणसं तिथली खातेदार होती. शेजारच्या तालुक्यातल्या एका शाखेत मात्र अधिकारी जूनमध्ये रुजू झालेला, चेहरा कुणाच्या परिचयाचा नाही. तिथून ठेवींचा मोठा हिस्सा बाहेर पडला. मी तिथं जाऊन बसलो. एक निवृत्त मास्तर मला म्हणाले, ‘तुम्ही चांगलेच असाल हो. पण माझ्याकडं दुसरं काही नाही.’ मी त्यांना ठेव मोडू नका असं म्हटलं नाही. तेव्हा ठेवींवरचं विमा संरक्षण एक लाखाचं होतं, आणि त्यांचं सगळं आयुष्य त्या रकमेच्या कितीतरी वर होतं. ४ फेब्रुवारी २०२० ला ती मर्यादा पाच लाख झाली. ती आधी व्हायला हवी होती, हे माझं मत तेव्हाही होतं.

ओळखीचा चेहरा म्हणजे ठेव सुरक्षित, असं मात्र मी कुणाला कधी सांगितलं नाही. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. तिथल्या खातेदारांच्याही ओळखी असणारच. चेहरा भरवसा देतो तो फक्त काउंटरपुरता. पैसा सुरक्षित आहे की नाही हे कर्ज कुणाला दिलं, तारण किती, मूल्यांकन कुणी केलं यावर ठरतं. २००३ पासून नागरी बँकांना संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यावर बंदी आली, तो मला आमच्या क्षेत्रातला सर्वांत हिताचा नियम वाटतो. ज्या खुर्चीला वरून चिठ्ठी येते तिच्यात कितीही भला माणूस बसवा, तो वाकतो.

म्हणून बदल्या थांबवाव्यात असं मी मंडळापुढं कधी मांडलं नाही. मी मांडलं ते बदली कशी व्हावी याबद्दल. नवा अधिकारी दोन-तीन आठवडे आधी जाईल आणि जुन्याबरोबर शाखेत नव्हे, बाजारात फिरेल. अधिकारी बदलेल त्या वर्षी तिथला जुना लेखनिक आणि शिपाई हलवायचे नाहीत. आणि जुना अधिकारी एक टिपण लिहून ठेवेल. त्यात माणसांच्या चहाड्या नकोत, हवं ते पैशाचं वेळापत्रक. तासगावला द्राक्षाचा बेदाणा उन्हाळ्याच्या तोंडाशी तयार होतो, शीतगृहात जातो आणि भाव पाहून वर्षभर थोडाथोडा सौद्यात निघतो. त्या शेतकऱ्याला दरमहा हप्ता लावणं म्हणजे त्याला मुद्दाम थकीत करणं. हळदवाल्याचा पैसा वेगळ्या महिन्यांत, ऊसबिल कारखान्याच्या मर्जीनं तुकड्यातुकड्यांत. असं टिपण असेल तर तिमाही, सहामाही हप्ते बसवता येतात, आणि ते का बसवले हे पुढच्या तपासनिसालाही कळतं. नव्या अधिकाऱ्यानं जुन्याला फोन करून माहिती विचारावी, शिफारस विचारू नये, हेही मी लिहून घेतलं.

माझ्या शेवटच्या यादीत तासगाव भागातल्या एका शाखेच्या अधिकारी बाईंचं नाव होतं. तीन वर्षं पुरी झाली होती. थकबाकी खाली, महिलांची सोनेतारणाची खाती दुप्पट. बदलीची कुणकुण लागताच गावातून शिष्टमंडळ आलं. सरपंच, दोन शीतगृहवाले, बचत गटाच्या बायका. ‘ताईंना ठेवा’ एवढीच मागणी. एका संचालकांनीही तेच सुचवलं. बाईंनी स्वतः येऊन सांगितलं की बेदाण्याची वसुली अर्ध्यावर आहे, ती हातानं पुरी करून जाते. मी त्यांना जूनअखेरपर्यंत मुदत दिली आणि त्यापुढं एक दिवसही नाही. ज्या शाखेतून शिष्टमंडळ येतं तिथला अधिकारी त्याच वर्षी हलला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. तो चुकला म्हणून नव्हे, तर पुढच्या वर्षी त्याच शीतगृहवाल्यांना नाही म्हणायची वेळ आली तर त्याला ते म्हणता यावं म्हणून.

मेच्या अखेरीस नवा अधिकारी तिथं गेला, तीन आठवडे बाईंबरोबर फिरला, टिपण घेतलं. बचत गटाची खाती राहिली, बेदाण्याची वसुली दिवाळीपर्यंत पूर्ण झाली. दोन्ही शीतगृहवाल्यांनी मात्र आपली खाती समोरच्या पतसंस्थेत नेली, आणि नव्या अधिकाऱ्यानं त्यांची कॅश क्रेडिटची वाढीव मर्यादा नाकारली होती हे मला नंतर फाईलमध्ये दिसलं.